रिकामा रकाना

मार्च सरत आला की अमेरिकेतल्या आमच्या खोऱ्यात वारा कामाला लागतो, आणि वाऱ्याच्या मागोमाग आम्ही. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचे वेल तेव्हा जमिनीतून बोटभरही वर आलेले नसतात. पण त्यांना चढायला दोर आधीच लागतात. अठरा फुटांवर तारांचा मांडव, मांडवाखालून सरकणारा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे लोखंडी मचाण आणि मचाणावर आम्ही चौघी. कमरेला ओल्या काथ्याच्या दोऱ्यांचा भारा. ट्रॅक्टर थांबत नाही. तार डोक्यावरून येते, दोरी टाकायची, वेढा द्यायचा, गाठ ओढायची, सोडायची. तोवर पुढची जागा आलेली असते. दुपारपर्यंत मान आखडते आणि बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी भिजून सुटायला लागते.

ओतिलिया माझ्या डाव्या हाताला. दहा वर्षं तिथेच उभी आहे. तिची गाठ मला न बघता ओळखू येते, कारण शेवटचा वेढा ती उलटा घेते. मेक्सिकोतल्या मिचोआकानात तिच्या आईने तिला टोमॅटो बांधायला असंच शिकवलं होतं. वारा वाढला की ती हळू आवाजात गाते. कुणाला ऐकवायला नाही, हाताला लय राहावी म्हणून.

गाठ मारते तारेला, वाऱ्या बघ ओढून,
वेल चढेल मांडवी, तू जाशील सोडून.

ओळ संपली की लाइल ट्रॅक्टरवरून उतरतो, आम्हाला खाली घेतो, प्रत्येकीच्या गळ्यातल्या कार्डाला चिमट्याने भोक पाडतो आणि शेजारी घड्याळ बघून वेळ लिहितो. मजुरी ओळीवर, तासावर नाही, त्यामुळे त्या वेळेचा कुणाला उपयोग नाही. पण लाइल पूर्वी रेल्वेत होता. लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

त्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ओतिलियाचा नवरा चोन बांधावरून चालत आला. तो त्याच शेतावर पाण्याच्या नळ्या बघतो. जेवायला तो कधी येत नाही, नळ्यांपाशीच बसून खातो.

"मार्लिसबाईचा फोन होता," तो म्हणाला. "आजच या म्हणाली. दोघंही."

"आजच? सही तर बारा तारखेला आहे."

"तेच म्हटलं मी. तर म्हणाली, सहीबद्दलच."

ओतिलियाने हातातली टोर्टिया गुंडाळून परत डब्यात ठेवली.

सहीची गोष्ट तिची एकटीची नव्हती. आम्ही सात कुटुंबं. गावाबाहेर कालव्याशेजारी सात प्लॉट, सरकारचं कर्ज, आणि घरं आम्हीच बांधायची. आपलं आपण नाही, सगळ्यांनी मिळून सगळ्यांची. आठवड्याला तीस तास प्रत्येक घरचे, आणि सातव्या घराला कुलूप बसेपर्यंत पहिल्या घरातही कुणी राहायला जायचं नाही. कर्जाच्या सह्याही सातही घरांच्या एकाच दिवशी. एक अडली की सहा अडल्या.

त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर गेले, कारण गाडी माझी होती. चोनच्या ट्रकचा गिअरबॉक्स फेब्रुवारीतच गेला होता.

मार्लिसबाई गेली वीस वर्षं ह्या घरकर्जाच्या ऑफिसात आहे. तिची स्पॅनिश तुटकी पण खरी. तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि पेन्सिलने एकेक नाव दाखवत गेली. बँका. कुठल्या कुठल्या गावच्या बँका, काही तर आमच्या राज्याबाहेरच्या. अकरा.

"ह्या अकरा जणांनी गेल्या मंगळवारी तुझं क्रेडिट तपासलं, ओतिलिया. गाडीच्या कर्जासाठी. मी सांगितलं होतं ना, सही होईपर्यंत कुठे कर्ज मागायचं नाही?"

"मी नाही मागितलं."

"तुझे गुण सहाशे त्रेचाळीस होते. अशा तपासणीने ते उतरतात, आता सहाशे अडतीस आहेत. आपल्याला सहाशे चाळीस लागतात. दोन कमी पडले."

"मी कुणाकडे गेले नाही, बाई. गेल्या मंगळवारी मी मचाणावर होते."

"शनिवारी कुठे होतीस? त्या गाड्यांच्या दुकानात जेवण होतं ना?" मार्लिसबाईने विचारलं.

चोनने टोपी काढून मांडीवर ठेवली. शनिवारी आम्ही सगळेच तिथे होतो.

हमरस्त्यावर ते गाड्यांचं दुकान आहे, झेंडे लावलेलं. रिगो तिथे विकायला असतो. रिगो म्हणजे ओतिलियाच्या धाकटीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या पाण्याला त्याने तिला धरलं, तेव्हापासून तो ह्या घरचा कोंपाद्रे आणि ओतिलिया त्याची कोमाद्रे. भावाला एखादं काम नाही म्हणता येतं, कोंपाद्रेला नाही. शनिवारी दुकानात फुकट बार्बाकोआ, म्हणजे मंद आचेवर शिजवलेलं मटण, होतं, आणि रिगोला दिवसभरात दहा माणसं गाडीत बसवून दाखवायची होती. दहा झाली तर त्याची शनिवारची पाळी टिकणार होती. नऊ झाली होती.

"एक चक्कर मार, कोमाद्रे," तो म्हणाला होता. "घ्यायची नाही काही. चौकापर्यंत जा नि ये."

चक्कर मारण्याआधी एक कागद. नाव, पत्ता, लायसन्स. खाली आणखी रकाने होते. आणि ओतिलियाने ते सगळे भरले. जन्मतारीख, पगार, किती वर्षं त्याच मालकाकडे, आणि सोशल सिक्युरिटीचा नऊ आकडी नंबरसुद्धा.

याला कारण मार्लिसबाईच. दहा महिने तिने आम्हाला फॉर्म भरायला शिकवलं होतं. एकही रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तर 'लागू नाही' लिहा. रिकामं दिसलं की कागद परत येतो. आमच्यातल्या अर्ध्याजणी सहीपलीकडे फारसं कधी लिहीत नव्हत्या. पण त्या दहा महिन्यांत हात असे वळले की दवाखान्याचा कागद असो की चर्चच्या जत्रेचं सोडतीचं तिकीट, आम्ही तो कोपऱ्यापर्यंत भरायचो आणि वर अभिमानाने बघायचो.

ओतिलियाने हे सांगितलं तेव्हा मार्लिसबाईने पेन्सिल खाली ठेवली.

"चक्कर मारायला नंबर लागत नाही," ती म्हणाली. "आणि नंबर लिहिला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. परवानगीची सही वेगळी. तू केलीस?"

"नाही."

"मग त्यांच्याकडे जा. त्यांनी ह्या नोंदी काढून टाका असं लिहून दिलं पाहिजे. बारा तारखेच्या आत."

दुकानातली फरशी पांढरी, आरशासारखी. आम्ही शेतावरूनच आलो होतो. बुटांना चिखल, काथ्याचे तंतू बाह्यांना चिकटलेले. दारातली मुलगी हसली आणि लगबगीने आत जाऊन कागद घेऊन आली. गाडी धुतल्यावर पायांपाशी अंथरतात ते, पावलांचं चित्र छापलेले. तीन खुर्च्यांपुढे तिने तीन कागद अंथरले.

"इथे ठेवा पाय," ती गोड आवाजात म्हणाली.

आम्ही ठेवले. चोनचे बूट मोठे, ते कागदाबाहेर जात होते. तो टाचा वर धरून बसला. पाऊण तास तसाच.

मग मॅनेजर आला, केंडल नावाचा, आणि त्याच्यामागून रिगो. रिगोने आमच्याकडे न बघता मान हलवली. केंडल बराच वेळ बोलला. हात पसरून, छातीवर ठेवून. तो थांबल्यावर रिगो म्हणाला, "ते म्हणतात, गैरसमज झाला."

"कोंपाद्रे," ओतिलिया म्हणाली, "तो इतका वेळ बोलला आणि तू दोनच शब्द सांगितलेस. बाकीचे कुठे गेले?"

रिगोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने बाकीचं सांगितलं. ग्राहकाने स्वतःच्या हाताने नंबर लिहिला, म्हणजे इच्छा दिसली. दुकानाने तिच्यासाठी चांगला व्याजदर शोधला, म्हणजे मदतच केली. तरीही दुकान मोठ्या मनाचं आहे. नोंदी काढायला ते पत्र देतील. त्याआधी फक्त त्यांची फाइल पुरी करायची आहे.

केंडलने एक कागद पुढे सरकवला. ओतिलियाने तो उचलला आणि ओठ हलवत वाचला. इंग्रजी ती हळू वाचते, पण सोडत नाही. बाहेर झेंडे फडफडत होते.

"ह्यावर शनिवारची तारीख आहे," ती म्हणाली.

"हो, तू आलीस तो दिवस," रिगो म्हणाला.

"आज गुरुवार आहे."

"कोमाद्रे, ती नुसती—"

"आणि ह्यात लिहिलंय, मी कर्ज मागितलं, मी तपासायची परवानगी दिली."

केंडल आता थेट तिच्याशी बोलला, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं. सही करा, उद्या पत्र मिळेल, शिवाय चार वेळा ऑइल बदलून देऊ, फुकट.

"कशाचं ऑइल?" चोनने मला हळूच विचारलं. "आपला ट्रक तर चालतच नाही."

ओतिलियाने कागद परत ठेवला. कडा टेबलाच्या कडेला नीट लावून. "मी जे केलं नाही ते केलं म्हणून सही करणार नाही," ती म्हणाली. "सांग त्याला. सगळे शब्द सांग."

उठताना चोनच्या टाचेखाली कागद फाटला आणि फरशीवर चिखलाचा एक ठसा उमटला. मुलगी धावत आली. चोन वाकला आणि आपल्या रुमालाने ती जागा पुसायला लागला. ओतिलियाने त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं.

परतीच्या वाटेवर मी नजर रस्त्यावरच ठेवली. माझ्याकडे बोलण्यासारखं होतं, आणि म्हणूनच.

पुढचे दोन दिवस वारा उतरला नाही. धुळीने डोंगर दिसेना. मचाण हलायचं, तार हातातून निसटायची, काथ्याची कुसळं डोळ्यांत जायची. ओतिलिया गात नव्हती. तिच्या उजव्या अंगठ्याची कातडी फाटली होती, ती त्याला पट्टी लावायची आणि दातांनी तोडायची.

आमच्या पत्र्याच्या खोल्यांना मधली भिंत एकच. सकाळी कॉफी उकळताना मला चोनचा आवाज ऐकू आला.

"एक कागद आहे, ओती. सगळे करतात तसले."

"मी नाही करत."

"सहा घरं थांबलीत आपल्यासाठी."

"ठाऊक आहे मला."

"मग माझं ऐक ना एकदा."

भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला, आणि मग धाकटी शाळेचे बूट शोधायला लागली.

रविवारी दुपारी सगळे प्लॉटवर जमलो. मार्लिसबाई आली होती. जमिनीत खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येक खुंटीला गुलाबी फीत, आणि मोकळ्या मातीवर रानगवताचे गोळे घरंगळत होते. बायका आपापल्या प्लॉटवर उभ्या राहिल्या, जणू अंगणातच. मार्लिसबाईने सांगितलं ते असं: ओतिलियाने क्रेडिटवाल्यांकडे आणि राज्याच्या सरकारी वकिलांकडे तक्रार केली तर तीस दिवसांत निकाल लागू शकतो, कदाचित आधी. सहीची तारीख तीस एप्रिलपर्यंत नेता येईल. त्यापुढे नाही, त्यापुढे हे पैसे दुसऱ्या गावाला जातील. आणि पुढे न्यायची तर सातही घरांनी लेखी होकार द्यायला हवा.

फर्मिन पहिला बोलला. पाच नंबरचा प्लॉट त्याचा. माणूस वाईट नाही, पण त्याची बायको सातव्या महिन्यात होती.

"आणि तीस तारखेलाही नाही झालं तर?"

"तर नाही होणार," मार्लिसबाई म्हणाली.

फर्मिन ओतिलियाकडे वळला. रागातही त्याने तिला मानाने दोन्या, म्हणजे बाई, म्हटलं. "एक सही करायची आहे, दोन्या. एक. त्यात हात झिजतो का?"

"त्यात लिहिलंय की मी मागितलं. मी मागितलं नाही, फर्मिन."

"कोण विचारतंय? कोण वाचणार आहे ते? माझ्या लुपेच्या बाळाने त्या पत्र्याखालीच चालायला शिकायचं, कारण तुला एक शब्द खटकतो?"

ओतिलियाने लुपेकडे पाहिलं. लुपे खुंटीला धरून उभी होती, पाय सुजलेले, चपलेचे पट्टे सोडलेले. ती खाली बसली आणि मातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. जणू तेवढं तरी काम होऊन जाऊ दे.

मला ते बघवेना. मी गाडीकडे गेले आणि मागच्या सीटखालून छत्री काढून आणली. निळी, लांब दांड्याची, वर दुकानाचं नाव.

"ही बघा," मी म्हणाले. "ऑक्टोबरात मी तिथे काचेची किंमत विचारायला गेले होते. माझ्या गाडीची खिडकी फुटली होती. लायसन्स मागितलं, दिलं. नंबर विचारला, सांगितला. पुढच्या आठवड्यात माझ्याही नावावर चार बँका. मार्लिसबाईने कारण विचारलं तेव्हा मी लिहून दिलं, गाडी बघत होते. खोटं होतं ते. कारण जाब विचारायला गेले तेव्हा दुकानात मी असल्याच कागदावर सही करून आले होते, मागच्या तारखेची. त्याबद्दल ही छत्री दिली."

आमच्या खोऱ्यात वर्षाला आठ इंच पाऊस पडतो. सहा महिने ती छत्री मी एकदाही उघडली नव्हती.

"माझे गुण काठावर नव्हते म्हणून मी तरले," मी म्हणाले. "एवढाच काय तो फरक. चूक ओतिलियाची नाही. मी तेव्हा नाही म्हटलं असतं तर तिच्यावर ही पाळी आली नसती."

फर्मिनही आपल्या गाडीकडे चालत गेला. येताना त्याच्या हातात तसलीच निळी छत्री होती. त्याने ती माझ्या छत्रीशेजारी मातीत रोवली.

लुपेने कमरेवर हात ठेवले. "मला सांगितलं होतंस, सोडतीत लागली."

"लाज वाटली," फर्मिन म्हणाला.

एक नंबरच्या म्हाताऱ्या दोन्या एफिखेनिया इतका वेळ खोक्यावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "माझी लाल आहे. घरी आहे." आणि हसायला लागल्या. दात नसलेलं ते हसू लुपेपर्यंत गेलं, मग मार्लिसबाईपर्यंत.

मार्लिसबाई मात्र लगेच थांबली. "तुम्ही तिघांनी मला खोटी कारणं दिलीत," ती म्हणाली. "ती परत घ्यावी लागतील. खरी लिहावी लागतील. त्यात तुमचीही अडचण होऊ शकते."

"होऊ दे," फर्मिन म्हणाला. "कागद आणा."

तारीख पुढे न्यायच्या होकारावर, गाडीच्या बॉनेटवर, सात सह्या झाल्या. वारा कागद उडवत होता, म्हणून चोनने दोन्ही तळहात त्यावर दाबून धरले. त्याने स्वतः शेवटी सही केली. करताना बायकोकडे पाहिलं नाही, पण पेन तिच्या हातात परत देताना तिचा फाटका अंगठा क्षणभर आपल्या मुठीत धरला.

बुधवारी काम सुटल्यावर रिगो आला. दुकानाची गाडी रस्त्यावरच ठेवून, मातीतून चालत. ओतिलियाने मला भिंतीवर टकटक करून बोलावलं. "साक्षीला बस," म्हणाली.

रिगोने शर्टाच्या आतून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "त्यांच्या मशीनमधला आहे. कुठून आला ते विचारू नका. मी आलोच नव्हतो असं समजा."

तो अर्ज होता. ओतिलियाचं नाव, तिने लिहिलेले सगळे रकाने, आणि खाली सहीच्या जागी मशीनची अक्षरं. शेजारी वेळ. मंगळवार, अकरा वाजून चार मिनिटं.

ओतिलिया उठली आणि खुंटीवरचं ओळींचं कार्ड घेऊन आली. मंगळवार. एक भोक दहा बावन्नला, त्याच्या नंतरचं अकरा सतराला. मधे मचाण खाली येत नाही.

"अकरा चारला माझे दोन्ही हात तारेवर होते," ती म्हणाली. "ही पेत्रा माझ्या शेजारी होती, विचार हिला. ही सही कुणी केली?"

रिगो कॉफीच्या कपाकडे बघत होता. "बटण असतं, कोमाद्रे. 'ग्राहकाने मान्य केलं' म्हणून. चक्कर मारलेल्या सगळ्यांचं दाबायचं, असा हुकूम आहे. न दाबलं तर केंडल पाळी काढून घेतो."

"दाबलं कुणी?"

"मी."

बाहेर धाकटी दोरीवरच्या उड्या मारत होती. ते मोजणं ऐकू येत होतं, सत्तावीस, अठ्ठावीस.

"ते लिही," ओतिलिया म्हणाली.

"काय?"

"आत्ता बोललास ते. खाली तुझी सही."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

"तुझ्या पोरीला मी पाण्याला धरलंय."

"म्हणून तर तुला आत घेतलं, कॉफी दिली. तू आला नव्हतास असं मी समजणार नाही, कोंपाद्रे. आलास ते बरं केलंस. आता लिही."

रिगोने चोनकडे पाहिलं. पुरुषमाणूस काही मऊ बोलेल म्हणून असेल. चोन उठला, कपाटावरून पेन आणलं, टोपण काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"मी त्या दिवशी तुमची फरशी पुसत होतो," तो म्हणाला. "तू बघत होतास."

रिगोने लिहिलं. सहा ओळी. अक्षर सुंदर आलं. शाळेत त्याला अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं म्हणे.

शुक्रवारी आम्ही पाच जण दुकानात गेलो. ओतिलिया, चोन, मी, फर्मिन आणि दोन्या एफिखेनिया, लाल छत्री घेऊन. मुलगी पावलांचे कागद घेऊन आली.

"कागद नको," ओतिलिया इंग्रजीत म्हणाली. हे वाक्य तिने सकाळपासून घोकलं होतं. "फरशी पुसता येते."

आम्ही बसलोही नाही. बूट घेऊन त्या आरशावर उभे राहिलो. केंडलसमोर तिने एकेक वस्तू ठेवली. मशीनच्या कागदाची प्रत, कार्डाची प्रत, रिगोच्या सहा ओळींची प्रत. मग छत्र्या, एक, दोन, तीन. दुकानात गाड्या बघत फिरणारं एक जोडपं थांबून बघायला लागलं. त्यांच्या हातात तोच भरायचा कागद होता.

केंडल म्हणाला, मशीनचं घड्याळ कधीकधी पुढेमागे असतं.

"मंगळवारचा शनिवार होतो?" ओतिलियाने विचारलं.

केंडल आत गेला, फोनवर बोलला, बाहेर आला. पत्र तयार झालं. अकरा बँकांची नावं, आणि कारण म्हणून, 'कारकुनी चूक.' ओतिलियाने वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग बोट ठेवलं.

"इथे लिहा, परवानगी नव्हती."

"अर्थ तोच होतो."

"मग लिहायला काय हरकत आहे?"

त्याने लिहिलं. ते जोडपं एव्हाना कागद काउंटरवर ठेवून दाराकडे निघालं होतं. पत्र देताना केंडल हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, मग आता ती सरकारी वकिलांकडची तक्रार राहू द्यायला हरकत नाही ना?

"ती सकाळीच टपालात टाकली," ओतिलिया म्हणाली. "इथे येण्याआधी."

छत्र्या आम्ही तिथेच सोडल्या. दोन्या एफिखेनियांनी मात्र आपली परत उचलली. काठी म्हणून बरी आहे, म्हणाल्या.

नोंदी निघायला एकोणीस दिवस लागले. ते दिवस कसे गेले ते आमच्या पाठींना ठाऊक. दोर बांधून झाले, वेल वितीवर आले, मग खाली बसून एकेक कोंब दोरीला वळवायचं काम, दिवसभर गुडघ्यांवर. ओतिलिया रोज लाइलकडून कार्ड घेताना वेळ वाचून बघायची. लाइल खूश होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ते वाचत होतं. फर्मिनच्या कारणाला एक, दोन्या एफिखेनियांच्या कारणाला दोन असे प्रश्न वरून आले. आम्ही उत्तरं लिहिली, जशी होती तशी. अठ्ठावीस तारखेला ओतिलियाचे सहाशे बेचाळीस झाले. एक कुठे गेला ते मार्लिसबाईलाही सांगता आलं नाही.

तीस तारखेला सात सह्या झाल्या.

मेच्या पहिल्या शनिवारी पाया खणायला सुरुवात झाली. सुरुवात पाच नंबरपासून, लुपेच्या, असं ओतिलियानेच सुचवलं. खुंटीपासून खुंटीला सूत धरायचं होतं आणि आणलेला नायलॉनचा दोरा सैल पडत होता. ओतिलियाने शेतावरचा उरलेला काथ्या भिजवून आणला, ताणला, आणि शेवटचा वेढा उलटा घेतला. फर्मिनने बोटाने छेडून पाहिलं. दोरी वाजली. ती गुणगुणायला लागली, कितीतरी दिवसांनी.

दहाच्या सुमाराला रस्त्यावरून एक माणूस चालत येताना दिसला. खांद्यावर स्वतःचं फावडं. जवळ आल्यावर ओळखू आला. रिगो. दुकानाचा शर्ट अंगावर नव्हता. तो शर्ट गेल्याला तीन आठवडे झाले होते. आता तो कांद्याच्या गोदामात पोती उचलत होता. हातमोजे नवे होते, अजून ताठ.

फर्मिन खणायचा थांबला. चोन थांबला नाही.

"मदतनिसाचे तास तुमच्या घराच्या नावावर धरतात म्हणे," रिगो म्हणाला. कुणाकडे बघून म्हणाला ते कळलं नाही.

"धरतात," ओतिलिया म्हणाली.

तिने सूत सोडलं, हात पुसले, आणि खोक्यावरून हजेरीचा कागद आणला. मार्लिसबाईचा, लांबलचक. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, नंबर, मालकाचं नाव. रिगोने फावडं खाली ठेवलं, हातमोजा काढला, पेन घेतलं. त्याने नाव लिहिलं, त्या सुंदर अक्षरात, आणि पेन पुढच्या रकान्याकडे नेलं.

ओतिलियाने कागदावर हात ठेवला. अंगठ्याची जखम भरत आली होती, नवी कातडी गुलाबी दिसत होती.

"नाव पुरे, कोंपाद्रे," ती म्हणाली. "बाकीचं रिकामं राहू दे. त्या कोपऱ्यापासून खण."